आंदोलनात कायदा मोडायचा का? ठरवायच्या आधी एवढं करा

टँकर आठ दिवस आला नाही की गावात मीटिंग बसते आणि अर्ध्या तासात कोणीतरी बोलतंच, "अर्ज देऊन काय होत नाय, हायवे अडवल्याशिवाय साहेब गाडीतून खाली उतरत नाही." लगेच दुसरं कोणीतरी, बहुतेक एखादे रिटायर्ड मास्तर, म्हणतात की कायदा तो कायदा, मोडायचा नाही म्हणजे नाही. अशा बऱ्याच मीटिंगांना मी बसलोय, पाण्याच्या, पीकविम्याच्या, रस्त्याच्या, आणि बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं आणि दुसऱ्या दिवशी तसं करून लोक मोकळे होतात. पुढे केस लागते तेव्हा मोठ्या आवाजवाला दिसत नाही, कोर्टात चकरा मारतो तो कोपऱ्यात गप्प बसलेला पोरगा. म्हणून हे लिहितोय, की हा निर्णय आवाजावर न सोडता कसा घ्यायचा.

माझं मत आधीच सांगतो. आंदोलनात कायदा मोडणं कधीकधी योग्य असतं, पण तशी वेळ क्वचित येते, आणि ती खरंच आलीय का हे ओळखायला कागद वाचावे लागतात, माणसं मोजावी लागतात, आणि स्वतःला काही अवघड प्रश्न विचारावे लागतात.

सुरुवात एका फरकापासून करा, आणि मीटिंगमध्ये हा फरक सगळ्यांसमोर मोठ्याने बोला. आपल्याकडे "कायदा हातात घेणं" वेगळं आणि "कायदा मोडणं" वेगळं. अधिकाऱ्याच्या तोंडाला काळं फासलं, ऑफिसच्या काचा फोडल्या, एसटी पेटवली, तर तुम्ही दुसऱ्याला गुन्हेगार ठरवलं आणि शिक्षाही तुम्हीच दिली, हे झालं कायदा हातात घेणं. १९३० ला शिरोड्याच्या मिठागरात जाऊन ज्यांनी मीठ उचललं त्यांनी कायदा मोडला आणि अटक करून घेतली, म्हणजे शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली. पुढचं सगळं फक्त या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. पहिल्या प्रकाराचं समर्थन मला करता येत नाही, मागणी कितीही खरी असो.

आधी बघा, तुम्ही कायदा मोडताय की कायदा तुमच्याच बाजूनं आहे

हे काम लोक सगळ्यात जास्त टाळतात, म्हणून यावर जरा थांबतो.

महाडचं उदाहरण घ्या. बाबासाहेबांनी महाडला कायदा मोडला असं अनेकजण सहज बोलून जातात आणि मग "मग आपण का नाही" असं पुढे जोडतात. तसं झालेलं नाही. १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचे, आणि १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, तळ्यावर नव्हता. २० मार्च १९२७ ला परिषदेतून हजारो लोक शिस्तीत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले तेव्हा त्यांनी मोडली ती रूढी, कायदा नाही. उलट नंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून ज्यांनी परिषदेच्या लोकांना मारहाण केली, कायदा त्यांनी मोडला, आणि त्यातल्या काहींना शिक्षाही झाली. त्या दिवशी परिषदेला आलेल्यांमध्ये लष्करात नोकरी केलेली माणसं होती, त्यांना उलटा मार देता आला असता, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हे आवरणं किती अवघड असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो, आपल्या माणसांची डोकी फुटलेली समोर दिसतायत आणि तरी हात उचलायचा नाही.

तर पहिलं काम हे, की तुमच्या मागणीबाबत आधीच काही जीआर, ग्रामसभेचा ठराव, नगरपालिकेचा ठराव, कोर्टाचा निकाल आहे का ते शोधा. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, उत्तराला तीस दिवस लागतील पण लागू द्या. आमच्याकडे एकदा रास्ता रोकोची तारीख ठरली होती, बॅनर छापून झाले होते, आणि दोन दिवस आधी आमच्यातल्या एका ताईंनी कागद मिळवला की टँकरचा प्रस्ताव मंजूर होऊन पडलाय, फक्त पुढची सही झाली नाही. आम्ही रस्ता सोडला आणि तो कागद घेऊन ऑफिसच्या दारात ठिय्या मारला, बायका हंडे घेऊन बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला. त्या दिवशी रस्ता अडवला असता तर चर्चा रस्त्याची झाली असती, सहीची झाली नसती.

दुसरा कागद म्हणजे परवानगीचा. संविधानाच्या कलम १९ मध्ये शांततेने, हत्यार न घेता एकत्र जमायचा हक्क दिलाय, त्यावर सरकार वाजवी बंधनं घालू शकतं. म्हणून पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, त्यात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे माणसं, जबाबदार व्यक्तींची नावं लिहा, आणि पोच घ्याच, शिक्का आणि सही असलेली. व्हॉट्सअॅपवर साहेबांना मेसेज टाकला आणि निळी टिक आली, याला पोच म्हणत नाहीत. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा. कारण तकलादू असेल तर हायकोर्टात जाता येतं, आणि समजा पुढे तुम्ही परवानगीशिवाय निघालातच तर हेच कागद उद्या तुमच्या बाजूनं बोलतील.

जमावबंदीचा आदेश नुसता ऐकू नका, मिळवून वाचा. आपल्याकडे बहुतेक वेळा तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली असतो, कधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली, म्हणजे जुनं १४४. कुठल्या तारखेपर्यंत आहे, कुठल्या हद्दीत आहे, पाच माणसं जमायला बंदी आहे की फक्त हत्यारं आणि घोषणांना, हे त्यात लिहिलेलं असतं. मी असं बघितलंय की आदेश शहराच्या हद्दीपुरता होता आणि लोक तालुकाभर घाबरून घरी बसले.

सरळ मार्ग संपलेत का, खरंखरं सांगा

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की जेव्हा संविधानिक मार्गच उपलब्ध नव्हते तेव्हा असंविधानिक मार्गांचं समर्थन होऊ शकत होतं, पण आता ते मार्ग खुले आहेत तर कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे सोडले पाहिजेत, ही अराजकाची भाषा आहे. हे वाक्य दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. मला ते एखाद्या प्रश्नपत्रिकेसारखं वाटतं, की बाबा रे, मार्ग खरंच बंद आहे का, की तुला थांबायचा कंटाळा आलाय?

याचं उत्तर काढायला एक वही करा. कुठल्या तारखेला कोणाला निवेदन दिलं, उत्तर काय आलं, ग्रामसभेत विषय मांडला का, आमदारांना भेटलो का, लोकशाही दिनात तक्रार केली का, कोर्टात जाण्यासारखं प्रकरण आहे का आणि वकिलाने काय सांगितलं. वहीत दोनच नोंदी असतील तर अजून वेळ आलेली नाही. वीस असतील, आणि दरम्यान पाणी दूषित होऊन पोरं आजारी पडतायत किंवा घर पाडायची नोटीस उद्याची आहे, तर मास्तरांना ही वही दाखवा. मार्ग कागदावर उघडा आणि प्रत्यक्षात बंद, अशी अवस्था आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, जिल्ह्याला जायला गाडीभाडं नाही, त्याच्यासाठी तो मार्ग शहरातल्या माणसापेक्षा लवकर बंद होतो हेही मी मान्य करतो. पण ते दाखवावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही.

आणि सरळ मार्ग म्हणजे फक्त अर्ज नाहीत. सत्तरच्या दशकात महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. थाळी वाजवायला कायदा मोडावा लागत नाही, आणि घराघरातून एकाच वेळी वाजली तर ती मंत्रालयात ऐकू जाते.

कोणता कायदा मोडताय, यावर फार काही ठरतं

ज्या कायद्याबद्दल तक्रार आहे तोच मोडणं, आणि लक्ष वेधून घ्यायला भलताच कुठला तरी कायदा मोडणं, यात मी मोठा फरक करतो.

१९३० ला समुद्राकाठी मिठाचा कायदा मोडायला सोपं होतं, विदर्भात समुद्र कुठून आणायचा? मग तिथे जंगलाचे कायदे निवडले, कारण गावकऱ्यांच्या गुरांचा चारा, सरपण यावर त्यांनीच बंधनं आणली होती. लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करून घेतली. बघणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही की हा माणूस गवत का कापतोय. कृती बघितली की मागणी कळते, ही त्याची ताकद.

अलीकडचं उदाहरण जून २०१९ चं. अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी मंजुरी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं जनुकीय बदल केलेल्या कापसाचं बियाणं आधी जाहीर करून, सगळ्यांना बोलावून पेरलं. पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद होती, हे माहीत असताना पेरलं. त्या बियाण्याबद्दल माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे, मला ते असं पसरणं धोक्याचं वाटतं, शेजारच्याच्या शेताचा प्रश्न येतो. पण चोरून तर ते बियाणं बाजारात आधीपासून विकलं जातच होतं, हे लोक उघड्यावर आले, नावानिशी उभे राहिले, आणि वाद सगळ्यांसमोर आणला. विरोधकाचीसुद्धा पद्धत बरोबर असू शकते, आणि हे कबूल करता आलं तरच आपण पद्धतीबद्दल बोलतोय, नाहीतर फक्त आपल्या बाजूची वकिली करतोय.

आता रास्ता रोको. इथे तुम्ही मोडता तो रस्त्याचा कायदा, त्या कायद्याबद्दल तुमचं काहीच म्हणणं नसतं. आणि अडकतो कोण तर डायलिसिसला निघालेला माणूस, परीक्षेला निघालेली मुलगी, रोजंदारीवाला ज्याचा अर्धा दिवस गेला की मजुरी गेली. रास्ता रोको कधीच करू नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः बसलोय, पण त्याला माझ्या मते जास्त कडक अटी पाहिजेत. वेळ आधी जाहीर करा, तास-दीड तास, त्यापुढे नाही. एक लेन अॅम्ब्युलन्ससाठी पहिल्या मिनिटापासून मोकळी आणि तिथे चार माणसं फक्त त्याच कामाला. दहावी-बारावीच्या पेपरच्या दिवशी नाही म्हणजे नाही. बेमुदत रस्ता अडवून बसायचं असेल तर हेही माहीत असू द्या की दिल्लीतल्या शाहीन बागच्या धरण्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की सार्वजनिक रस्ता असा अनिश्चित काळ अडवता येणार नाही.

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठवा. नाशिकहून निघालेले शेतकरी, त्यातले कितीतरी आदिवासी, जवळपास १८० किलोमीटर चालत मुंबईत पोचले, पायांना फोड आलेले, काहींच्या पायात चपला नाहीत. सोमय्या मैदानावर मुक्काम होता आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. सकाळी निघाले असते तर शहर ठप्प झालं असतं. ते रात्रीतच उठून आझाद मैदानाकडे चालायला लागले, झोप सोडून, दिवसभर चाललेले असताना. मुंबईची माणसं पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आली. त्या रात्री कायदा न मोडता सरकारवर जेवढा दबाव आला तेवढा दहा ठिकाणी रस्ते अडवून आला नसता असं मला मनापासून वाटतं.

ठरलंच मोडायचं, तर उघडपणे आणि सांगून

गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहून आधीच कळवलं की मी मिठाचा कायदा मोडणार आहे. तुम्हीही कळवा, तहसीलदार आणि पोलीस स्टेशनला, कुठे, किती वाजता, कोणती कृती, कोण कोण. तोंड झाकायचं नाही, रात्री गुपचूप करायचं नाही. पोलिसांना सांगितलं तर ते आधीच उचलतील अशी भीती सगळ्यांना वाटते आणि ती खरी आहे, आदल्या दिवशी नोटीस येईल, जुन्या लोकांच्या तोंडी अजून "१४९ ची नोटीस" असंच आहे, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ खाली येते, किंवा १७० खाली प्रतिबंधात्मक अटक होईल, ती चोवीस तासांपेक्षा जास्त सहसा लांबवता येत नाही. होऊ दे. यादीत दुसरी फळी ठेवा, पहिले दहा उचलले तर पुढचे दहा तीच कृती तशीच करतील. गोव्यात १८ जून १९४६ ला मडगावला पोर्तुगिजांची सभाबंदी असताना राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, त्यांना पकडलं, पण बंदी मोडता येते हे लोकांनी बघितलं आणि नंतर तिथे एकामागून एक लोक सत्याग्रहाला उभे राहत गेले.

दगड

यावर एकच नियम, आणि तो कृतीच्या आधी प्रत्येकाकडून वदवून घ्या, की दगड उचललेला दिसला तर कार्यक्रम तिथेच संपला.

तत्त्व तर आहेच, पण कायद्याची बाजूही समजून घ्या कारण पोरांना ती कोणी सांगत नाही. पाच किंवा जास्त लोकांचा जमाव बेकायदेशीर ठरला आणि त्यांच्या समान उद्देशासाठी एकाने जरी गुन्हा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० खाली त्यात असलेला प्रत्येकजण त्या गुन्ह्याला जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणजे दगड मारणारा पळून गेला आणि बॅनर धरलेला तुम्ही सापडलात तर पुढची दहा वर्षं "मी मारला नाही" हे तुम्ही सांगत बसणार. पोलिसाच्या अंगाला हात लागला, ढकलाढकली झाली तर १३२ लागतं, जुनं ३५३, आणि ते अजामीनपात्र आहे. याउलट नुसता आदेश मोडून शांत बसलात तर २२३, जुनं १८८, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कोर्टाने दखल घ्यायला संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. हा फरक एका दगडाचा आहे.

चांगल्या लोकांच्या चांगल्या आंदोलनातही हे हाताबाहेर जातं. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, सत्याग्रही गेले आणि त्याच गोळीबारात मामलेदारही गेले. गांधीजींनी चौरीचौऱ्यात पोलीस जाळले गेल्यावर १९२२ ला देशभरचं आंदोलन थांबवलं, पुष्कळ सहकारी नाराज झाले. थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे हे तुम्हीही आधीच ठरवून ठेवा, एका माणसाचं नाव, आणि त्याने हात वर केला की वाद न घालता सगळे खाली बसणार. चिडलेल्या जमावात कमिटी बसवून निर्णय होत नाही.

बंद पुकारणाऱ्यांसाठी एक, की २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई हायकोर्टाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप या दोन्ही पक्षांना प्रत्येकी वीस लाख रुपये भरायला लावले होते. दुकानदाराने स्वतःहून शटर ओढलं तर तो तुमचा पाठिंबा. धमकीने ओढायला लावलं तर तिथे मोडला जातोय तो दुकानदाराचा हक्क.

कोर्टाचा मनाई हुकूम आला तर

परत महाडला येतो, कारण डिसेंबरमध्ये जे झालं ते मार्चपेक्षाही शिकण्यासारखं आहे. मार्चनंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते "शुद्ध" केलं गेलं, ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरमध्ये परत सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी तळं खाजगी आहे असा दावा करून कोर्टातून तात्पुरती मनाई आणली. २५ डिसेंबरला परिषद भरली, त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीनेच आले होते, बहुतेकांचं म्हणणं होतं की जायचंच. कलेक्टरने येऊन न जाण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी लोकांपुढे दोन्ही बाजू ठेवल्या आणि शेवटी सत्याग्रह तहकूब करायला त्यांना राजी केलं, कारण भांडण स्पृश्यांशी होतं, सरकारला आणि कोर्टाला विनाकारण समोरच्या बाजूला ढकलण्यात शहाणपण नव्हतं, आणि दाव्यात आपली बाजू बळकट होती. मग खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, बाजूनं. जवळजवळ दहा वर्षं.

दहा वर्षं थांबणं बरोबर होतं का, यावर मी माझ्याशीच अजून भांडतो. तहानलेल्या माणसाला दहा वर्षं थांब सांगणारा मी कोण? पण मी एवढं बघतो की निर्णय त्यांनी रागाच्या भरात घेतला नाही आणि लोकांपासून लपवूनही घेतला नाही, हजारो लोकांसमोर उभं राहून, त्यांची नाराजी अंगावर घेऊन घेतला. तर तुमच्याकडे मनाई हुकूम आला तर त्या रात्री सगळ्यांना बोलवा, हुकूम वाचून दाखवा, वकिलाला फोन स्पीकरवर लावा, आणि हे तीन प्रश्न विचारा. आपलं भांडण नेमकं कोणाशी आहे? कोर्टात जिंकायची शक्यता किती? थांबलो तर त्या काळात कोणाचं असं नुकसान होईल जे परत भरून येणार नाही? तिसऱ्याचं उत्तर "घर पडेल", "झाडं तुटतील" असं असेल तर त्याच दिवशी वरच्या कोर्टात स्थगिती मागा. हुकूम मोडला तर तो कोर्टाचा अवमान, तिथे "मागणी न्याय्य होती" हे बोलून फारसा उपयोग होत नाही.

किंमत कोण देणार, याची यादी

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मीटिंगमध्ये कागद फिरवा आणि अटक व्हायला कोण तयार आहे त्यांची नावं घ्या. मग त्यातून नावं काढायला लागा. पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी पोरं काढा, भरतीत चारित्र्य पडताळणी होते आणि प्रलंबित केस लपवली तर ते वेगळंच लफडं होतं. पासपोर्ट काढायचाय, बाहेर नोकरीला जायचंय ते काढा, केस चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणावी लागते. ज्यांच्यावर आधीच केस आहे ते, तान्ही मुलं असलेल्या बाया, हातावर पोट असलेली एकटी कमावती माणसं काढा. त्यांना बाकीची पन्नास कामं आहेत, पाणी वाटणं, शूटिंग करणं, वकिलाला फोन, घरी निरोप. आमच्या भागातल्या एका मुलाचं हे झालंय, मैदानी आणि लेखी दोन्ही पास, आणि तीन वर्षांपूर्वीच्या मोर्चातल्या केसमुळे फाइल अडकली, शेवटी निकाल बाजूनं लागला तेव्हा वय निघून गेलं होतं. मोर्चात त्याला पुढे उभं करणाऱ्यांमध्ये मीपण होतो आणि "उंच आहेस, झेंडा तू धर" हे मीच म्हणालो होतो. तेव्हापासून मी ही यादी केल्याशिवाय कुठल्याही कृतीला हो म्हणत नाही.

मग उरतात पुढारी, रिटायर्ड लोक, ज्यांची नोकरी-धंदा यावर अवलंबून नाही असे, वकील स्वतः. पुढारी यादीत नसेल तर त्याला कृतीची हाक द्यायचा हक्क नाही, हे तोंडावर सांगा. १९२२ ला अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाला म्हणाले की एकतर राजीनामा द्या नाहीतर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या. न्यायाधीश ब्रूमफील्डने टिळकांच्या खटल्याचा दाखला देत सहा वर्षं दिली. तुम्ही कबूल करायचं की लढायचं हे वकिलाशी बोलून ठरवा, आज बहुतेक जण लढतात आणि त्यात कमीपणा काही नाही, केसमध्ये खोटं घुसडलेलं असेल तर लढायलाच पाहिजे. फक्त "मी तिथे नव्हतोच" असं खोटं बोलायचं नाही, कारण तुम्ही होता आणि असायला हवं होतं म्हणूनच गेला होता.

ताब्यात घेतलं तर

थोडक्यात सांगतो. धावायचं नाही, ओढाओढ करायची नाही, अंग सैल सोडा. बऱ्याचदा पोलीस अधिनियमाच्या ६८-६९ खाली डिटेन करून संध्याकाळी सोडतात, पण अटक झाली तर कारण विचारा आणि लेखी मागा, घरच्या एकाला कळवायला लावा, वकिलाला भेटायचा हक्क आहे तो मागा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं बंधनकारक आहे. मार बसला असेल तर मॅजिस्ट्रेटला तिथेच सांगा, नंतर नाही. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक सहसा करता येत नाही, अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. न वाचता सही करू नका. वकिलाचा नंबर हातावर पेनने लिहा, मोबाइल काढून घेतला की पाठ असलेला एकही नंबर आठवत नाही. कोठडीत असलेल्या कोणालाही, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. जातमुचलक्यावर सुटलात तर बरं, नाहीतर जामीनदार लागेल, त्याचा सातबारा, आधार, फोटो आदल्या दिवशीच एका पिशवीत तयार ठेवा.

टीव्हीवाले गेल्यावर

आंदोलन एका दिवसाचं, तारखा पाच वर्षांच्या. सरकार राजकीय-सामाजिक आंदोलनातल्या केसेस मागे घ्यायचे जीआर काढतं, पण त्यात जीवितहानी नसणं, मालमत्तेचं मोठं नुकसान नसणं अशा अटी असतात, आणि सरकारने ठरवलं तरी सरकारी वकिलाने अर्ज करून कोर्टाची संमती लागते, आपोआप काही होत नाही. जीआर निघाला की तुमच्या केसचा नंबर त्या यादीत घालायला तुम्हालाच जिल्हा समितीकडे अर्ज करावा लागेल. तोपर्यंत तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं.

म्हणून कृतीच्या आधीच फंड गोळा करा, घरटी पन्नास-शंभर, आणि तो बॅनर-मांडवासाठी नाही, तारखांच्या गाडीभाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी वेगळा ठेवा, हिशेब दर महिन्याला देवळात किंवा समाजमंदिरात चिकटवा. एका माणसाकडे फक्त तारखांची वही द्या, केस नंबर, कोर्ट, पुढची तारीख, कोणाची मुलगी बाळंत आहे म्हणून कोणाला जमणार नाही, हे सगळं त्यात. आणि तारखेला आरोपी एकटा जाणार नाही, ज्यांची नावं केसमध्ये नाहीत त्यातले दोघेतरी बरोबर जातील, डबा घेऊन.